ओपल घेताय? आधी तो पाणी पितो का ते बघा

ओपल कसा सांभाळायचा असं विचारायला गेलात की दोन अगदी उलट सल्ले मिळतात. एक म्हणजे ओपल कोरडा पडू देऊ नका, मधूनमधून पाण्यात बुडवून ठेवा नाहीतर तडे जातील, आणि दुसरा म्हणजे ओपलला पाणी अजिबात लागू देऊ नका, लागलं की रंग गेलाच. दोन्ही सल्ल्यांत तथ्य आहे, पण ते वेगवेगळ्या ओपलबद्दलचे आहेत, आणि सगळ्या ओपलना सरसकट लावले जातात म्हणून चांगले चांगले खडे लोकांच्या हातून खराब होतात. माझ्या मते आपल्या हातातला खडा नेमका कुठल्या जातीचा आहे आणि त्याचं पाण्याशी कसं जमतं एवढं जरी नीट कळलं तरी ओपलचं निम्मं टेन्शन जातं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

मुळात ओपल म्हणजे सिलिका आणि पाणी. सिलिका म्हणजे वाळूत असतो तोच, पण वाळूतला क्वार्ट्झ जसा स्फटिक झालेला असतो तसा हा झालेला नसतो. जमिनीत मुरणारं पाणी खडकातला सिलिका विरघळवून खाली नेतं, तो एखाद्या भेगेत किंवा पोकळीत साठतो, जेलीसारखा होतो आणि फार सावकाश घट्ट होत जातो, पण घट्ट होताना सगळं पाणी सोडत नाही. बहुतेक ओपलमध्ये साधारण ३ ते १० टक्के पाणी राहतं, काहींमध्ये तर २० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पाणी हा त्या खड्याचा भागच आहे. हिरा, माणिक, नीलम यांच्यात असलं काही नसतं, त्यामुळे त्या खड्यांची सवय झालेला माणूस ओपललाही तसंच वागवतो आणि मग काही महिन्यांनी विचारतो की याला काय झालं. पोकळी कसलीही चालते बरं का, ऑस्ट्रेलियातल्या लायटनिंग रिज भागात डायनोसॉरची हाडं आणि दात ओपल झालेले सापडलेत, कूबर पेडीच्या बाजूला समुद्रातले शिंपले, आकार जसाच्या तसा आणि आत सगळे रंग खेळतायत. ते फोटो एकदा शोधून बघाच.

आता रंग. ओपलमध्ये लाल, हिरवं, निळं असं जे काही हलतं ते कुठल्या रंगद्रव्यामुळे नसतं. खूप वर्षं हे कुणाला धड माहीत नव्हतं, मग १९६४ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ओपल इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितला आणि दिसलं की आत सिलिकाचे अगदी बारीक गोल कण आहेत, सगळे एका मापाचे, ओळीवर ओळ, थरावर थर रचलेले. कण किती बारीक, तर एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले साधारण १५० ते ३०० भाग एवढा एकेकाचा व्यास. ही रचना आणि मधल्या मोकळ्या जागा मिळून पांढरा प्रकाश फोडतात, सीडीची मागची बाजू उजेडात फिरवली की जसे रंग सरकतात तसंच. कण लहान असले तर फक्त निळा-जांभळा दिसतो, कण मोठे असले तरच लाल दिसू शकतो, आणि ज्या खड्यात लाल दिसतो त्यात कोन बदलला की बहुतेक वेळा हिरवा नि निळाही दिसतो. मोठे कण आणि तेही सगळे एका मापाचे आणि नीट रचलेले, हे निसर्गात कमी वेळा जमतं म्हणून लाल चमक असलेला ओपल महाग आणि नुसता निळा त्या मानाने स्वस्त. रचना विस्कळीत असेल तर रंगच दिसत नाही, तो नुसता दुधी किंवा राखाडी दगड राहतो, खाणीतले लोक त्याला पॉच म्हणतात, आणि खाणीतून निघणारा बहुतेक माल हा पॉचच असतो.

यातून एक कामाची गोष्ट निघते. ओपलचे रंग उन्हाने फिके पडत नाहीत कारण फिकं पडायला तिथे रंगद्रव्यच नाही. ते दिसेनासे होतात ते आतल्या त्या मोकळ्या जागांत काहीतरी शिरलं तर, किंवा खडा आतून तडकला तर. आणि इथेच जात महत्त्वाची ठरते.

ऑस्ट्रेलियातला बराचसा ओपल गाळाच्या खडकात तयार झालेला आहे, त्याची रचना घट्ट आहे, त्यात बाहेरून पाणी सहज शिरत नाही. त्यात लायटनिंग रिजचा ब्लॅक ओपल सगळ्यात मानाचा. ब्लॅक म्हणजे खडा काळाकुट्ट असं नाही, त्याचा मागचा मूळ रंग गडद असतो आणि त्यावर चमक उठून दिसते. हा मूळ रंग मोजायला एन १ ते एन ९ अशी पट्टी वापरतात, एन १ ते एन ४ ब्लॅक, एन ५ आणि एन ६ डार्क, त्याच्या पुढचे लाइट किंवा पांढरे. पांढऱ्यासाठी कूबर पेडी प्रसिद्ध, तिथे १९१५ साली सोनं शोधायला निघालेल्या लोकांबरोबर गेलेल्या एका १४ वर्षांच्या मुलाला पाणी शोधता शोधता ओपल सापडला आणि तिथून पुढे ते अख्खं गाव त्यावर उभं राहिलं. क्वीन्सलँडचा बोल्डर ओपल वेगळा, त्यात ओपलची पातळ शीर तपकिरी लोखंडी दगडाला नैसर्गिकरीत्या चिकटलेली असते आणि खडा कापताना तो दगड मागे मुद्दाम ठेवतात. मागे दगड दिसला म्हणून हा चिकटवलेला डुप्लिकेट माल आहे असं समजू नका, बोल्डर ओपल तसाच असतो आणि त्या दगडाच्या पाठबळामुळे तो वापरायलाही बऱ्यापैकी दणकट पडतो.

मेक्सिकोचा फायर ओपल ज्वालामुखीच्या खडकातला. त्याचा नारिंगी-लाल रंग लोखंडाच्या बारीक अंशामुळे येतो आणि त्यात रंगांचा खेळ असेलच असं नाही, नसला तरी तो फायर ओपलच. बरेच विक्रेते लाल चमक असलेल्या कुठल्याही ओपलला फायर ओपल म्हणतात, ते चूक आहे, घेताना नुसत्या नावावर जाऊ नका.

आणि मग इथिओपियाचा. २००८ मध्ये वोल्लो भागात मोठा साठा सापडला आणि ओपलचं मार्केटच बदललं, कारण हे खडे दिसायला जबरदस्त, पारदर्शक अंग आणि आत भडक रंग, आणि ऑस्ट्रेलियन मालापेक्षा खूपच परवडणारे. आज ऑनलाइन दिसणारे स्वस्त आणि चमकदार ओपल बघाल तर पुष्कळसे हेच असतात. यातले बहुतेक हायड्रोफेन असतात, म्हणजे यांच्या अंगात अतिशय बारीक छिद्रं असतात आणि हे पाणी शोषतात. पाण्यात टाकला की थोड्या वेळाने काचेसारखा पारदर्शक होतो, रंग जवळपास गायब, वजनही वाढतं. कारण वर सांगितलं तेच, कणांमधल्या मोकळ्या जागेत पाणी भरलं की कण आणि जागा यांच्यातला फरकच प्रकाशाला जाणवत नाही. घाबरायचं नाही, सावलीत साध्या हवेत ठेवला की पाणी हळूहळू निघून जातं आणि रंग परत येतात, लहान खड्याला एखाद-दोन दिवस पुरतात, मोठ्याला आठवडे लागू शकतात. खरा धोका आहे तो लवकर वाळावा म्हणून केलेल्या उपायांचा. हेअर ड्रायर, ऊन, दिव्याजवळ ठेवणं, यातलं काहीही करू नका, बाहेरचा भाग भराभर वाळतो, आतला ओला राहतो आणि त्या ताणाने खडा तडकतो.

दुसरं म्हणजे हा खडा फक्त पाणीच नाही तर जे द्रवरूप असेल ते पितो, परफ्युम, साबणाचं पाणी, क्रीम, तेल, घाम, हळदीचे हात सुद्धा. पाणी निघून जातं पण तेल आणि रंग निघत नाहीत, खडा पिवळट पडतो आणि तसाच राहतो. ओपलला तेल लावावं हा सल्ला जिथे जिथे दिसेल तिथे कृपया दुर्लक्ष करा. घट्ट रचनेच्या ओपलमध्ये तेल आत जातच नाही त्यामुळे वर नुसता चिकट थर बसतो, आणि हायड्रोफेनचं नुकसान होतं. दोन्हीकडे फायदा शून्य.

तुमच्याकडे आधीच ओपल आहे आणि जात माहीत नाही, तर कोरडा खडा जिभेच्या टोकाला हलकासा लावून बघायची जुनी पद्धत आहे, हायड्रोफेन असेल तर जिभेला किंचित चिकटल्यासारखा वाटतो. छिद्रांत पॉलिमर (प्लास्टिकसारखा पदार्थ) भरलेला किंवा दुसरी काही ट्रीटमेंट केलेला खडा मात्र यात फसवू शकतो, त्यामुळे खड्याला किंमत असेल तर सरळ लॅबमध्ये दाखवा.

आता घेण्याबद्दल. ओपल फोटोवरून कधीच घेऊ नका, कमीत कमी व्हिडिओ तरी मागवा, आणि व्हिडिओत खडा कोरडा असला पाहिजे आणि बोटात धरून चारही बाजूंना फिरवलेला पाहिजे. पाण्यात किंवा ग्लिसरीनमध्ये बुडवून दाखवलेला खडा बघून पैसे देऊ नका, ओलेपणात बारीक तडे आणि पॉलिशचे दोष झाकले जातात. समोर बसून घेत असाल तर दुकानातल्या झगमगीत स्पॉटलाइटखाली तर कुठलाही ओपल नाचतो, म्हणून तो घेऊन खिडकीपाशी जा, मग थोडं सावलीत जा, साध्या घरगुती उजेडात काय दिसतं ते बघा कारण शेवटी तुम्ही तो तिथेच घालणार आहात. कमी उजेडातही जो रंग दाखवतो तो चांगला खडा. मग फिरवा. काही ओपल फक्त एकाच कोनातून पेटतात आणि जरा हात वळला की विझतात, असा खडा अंगठीत बसवला तर घालणाऱ्याला रंग दिसतो आणि समोरच्याला दगड, किंवा उलटं. सगळीकडून थोडा थोडा रंग दाखवणारा खडा मला एका कोनातून भडकणाऱ्या खड्यापेक्षा जास्त आवडतो, पण ही आवड झाली. रंगांच्या नक्षीला पण नावं आहेत, बारीक ठिपके असतील तर पिनफायर, मोठे चौकोनी तुकडे एकमेकांना लागून असतील तर हार्लेक्विन, आणि हार्लेक्विन इतका दुर्मीळ आहे की कुणी सहज म्हणून हार्लेक्विन दाखवला तर आधी शंका घ्या.

त्यानंतर मोबाईलचा टॉर्च खड्याच्या मागून आणि बाजूने लावून तडे शोधा. वाळलेल्या तळ्याच्या चिखलावर पडतात तशा जाळीच्या रेषा दिसल्या तर त्याला क्रेझिंग म्हणतात, पाणी सुटताना आत ताण येऊन हे होतं, आणि एकदा झालं की परत नीट होत नाही. नुकत्याच खाणीतून आलेल्या ओपलला हा धोका सगळ्यात जास्त, म्हणून चांगले व्यापारी कच्चा माल कितीतरी महिने नुसता ठेवून बघतात आणि जो टिकतो तोच कापतात. तुम्ही पण विचारा की हा खडा कापून किती दिवस झाले. अमेरिकेत नेवाडातल्या व्हर्जिन व्हॅलीचे ओपल दिसायला अफाट सुंदर आहेत पण तडकण्याबद्दल इतके बदनाम की संग्राहक ते बरेचदा पाण्याच्या बाटलीतच ठेवतात, कापतच नाहीत. ओपल पाण्यात ठेवा हा सल्ला अशाच खड्यांसाठी योग्य आहे. लायटनिंग रिजच्या चांगल्या खड्याला त्याची गरज नाही.

बाजूने बघायचं अजून एक कारण म्हणजे डबलेट आणि ट्रिपलेट. डबलेटमध्ये खऱ्या ओपलची पातळ चकती काळ्या पॉचवर, दगडावर किंवा काचेवर चिकटवलेली असते, ट्रिपलेटमध्ये वरून आणखी क्वार्ट्झचा किंवा काचेचा पारदर्शक घुमट बसवतात. वरून बघितलं तर महागडा ब्लॅक ओपल वाटतो. सांगून, त्या किमतीत विकलं तर यात गैर काहीच नाही, ज्याला कमी पैशात ते रूप हवंय त्याच्यासाठी ही चांगली वस्तू आहे. पण बाजूने बघितल्यावर थर एकदम सरळ रेषेत जोडलेले दिसले तर तो चिकटवलेला, नैसर्गिक बोल्डर ओपलमध्ये ही रेषा वेडीवाकडी असते. दागिन्यात मागून आणि बाजूने धातूने पूर्ण झाकलेला खडा असेल तर हे तपासताच येत नाही, त्यामुळे मोठी रक्कम द्यायची असेल तर खडा सुटा बघितल्याशिवाय देऊ नये. आणि डबलेट-ट्रिपलेट पाण्यात भिजत ठेवले तर जोडातून पाणी शिरतं, गोंद सुटतो, कडेने ढगाळ धुरकट पट्टा यायला लागतो. म्हणजे पाण्याशी वैर असलेला हा आणखी एक प्रकार, हायड्रोफेन नसूनही.

ट्रीटमेंटबद्दल. फिकट इथिओपियन खडा धुराने किंवा रंगाने काळा करून ब्लॅक ओपल म्हणून विकणं आता खूप चालतं. साखरेच्या पाकात मुरवून मग सल्फ्युरिक अॅसिडने आतली साखर जाळून काळी करायची पद्धत तर फार जुनी, ऑस्ट्रेलियातल्या अँडामुका भागातल्या सच्छिद्र मॅट्रिक्स ओपलवर (म्हणजे मूळ खडकातच मिसळून गेलेल्या ओपलवर) ती पूर्वीपासून करतात. ओळखायचं कसं, तर भिंगाखाली बघितलं की काळेपणा खड्ड्यांत आणि तड्यांत जास्त साचलेला दिसतो किंवा बारीक काळे ठिपके दिसतात. ब्लॅक ओपल असून फार स्वस्त, आणि वर इथिओपियाचा म्हणतायत, एवढं एकत्र आलं की ट्रीटमेंट केलेलाच धरून चाला.

लॅबमध्ये बनवलेला ओपलही असतो, १९७४ पासून गिल्सन नावाने तो बाजारात आला. त्याचे रंग इतके नीटनेटके असतात की तिथेच संशय यावा. भिंगाखाली वरून बघितलं तर रंगांच्या तुकड्यांवर सरड्याच्या कातडीसारखी खवल्यांची नक्षी, आणि बाजूने बघितलं तर रंग उभ्या खांबांसारखे. प्लास्टिकच्या नकला हातात घेतल्या की हलक्या लागतात. ओपलाइट नावाने मिळते ती निळसर दुधी वस्तू साधी काच आहे, तिच्यात रंग खेळतच नाहीत. जरा मोठी खरेदी असेल तर मान्यताप्राप्त लॅबचा रिपोर्ट घ्या आणि त्यात तीन गोष्टी स्वतः वाचा, नैसर्गिक लिहिलंय का, ट्रीटमेंटचा उल्लेख काय आहे, आणि जोडलेला खडा आहे का. हायड्रोफेन आहे का ते रिपोर्टमध्ये नसेल तर विक्रेत्याकडून बिलावर लिहून घ्या. इथिओपियन खडा वजनावर घेताना तो पूर्ण कोरडा आहे ना हेही बघा, कारण ओला असेल तर पाण्याचे पैसे खड्याच्या भावाने जातात.

दागिना कोणता करायचा? ओपलचा कठीणपणा मोहस पट्टीवर ५.५ ते ६.५, आणि आपल्या आजूबाजूच्या धुळीत जे क्वार्ट्झचे कण असतात ते ७. म्हणजे टेबलावरची साधी धूळ सुद्धा कोरड्या फडक्याने खड्यावर घासली तर बारीक ओरखडे पडतात आणि वर्षभरात चमक मंद होते. म्हणून पेंडंट आणि कानातले हे ओपलसाठी सगळ्यात उत्तम, तिथे मार कमी बसतो. अंगठीच हवी असेल तर खड्याच्या कडेभोवती धातूची पूर्ण पट्टी असलेलं सेटिंग घ्या, उंच नख्यांवर उभा केलेला ओपल टेबलाच्या कडेला एकदा आपटला की संपलं. खडा अगदी पातळ नको, आणि बसवणारा कारागीर नख्या दाबताना हात हलका ठेवणारा हवा, कारण कितीतरी ओपल बसवतानाच कडेला टवके उडून जातात. रोज चोवीस तास घालायला ओपलची अंगठी मी तरी कुणाला सुचवणार नाही, बाहेर जाताना घाला, घरी आल्यावर हात धुवायच्या आधी काढा.

स्वच्छ करणं सोपं आहे. घट्ट रचनेचा अखंड ओपल असेल तर कोमट पाणी, एक थेंब सौम्य साबण, मऊ फडकं, झालं. डबलेट-ट्रिपलेट असेल तर किंचित ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरडा. हायड्रोफेन असेल तर आधी ब्लोअरने किंवा मऊ ब्रशने धूळ उडवा आणि मग मऊ कोरड्या फडक्याने हलकं पुसा. अल्ट्रासोनिक मशीन आणि स्टीम क्लीनर कुठल्याच ओपलला नको, दुकानात दागिना साफ करायला देताना हे तोंडाने सांगा कारण तिथे सगळं एकत्र मशीनमध्ये टाकायची सवय असते. ब्लीच, अॅसिटोन, दागिने उजळायचे केमिकल, सगळं लांब ठेवा.

ठेवताना वेगळ्या मऊ पिशवीत ठेवा, हिऱ्यांच्या आणि नीलमच्या दागिन्यांसोबत एकाच डब्यात घातला तर ओरखडे ओपलवरच येणार. फार कोरड्या जागी वर्षानुवर्षं बंद ठेवायचा असेल तर घट्ट ओपलच्या पिशवीत किंचित ओलसर कापसाचा बोळा टाकतात, पण हायड्रोफेन आणि चिकटवलेल्या खड्यांना हे करायचं नाही. सिलिका जेलच्या पुड्या मात्र कुठल्याच ओपलजवळ नको. आणि एकदम गरम-गार टाळा, उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवरून उचलून एसीत नेणं किंवा तापलेल्या शोकेसच्या दिव्याखाली महिनोन्महिने ठेवणं, तडे बरेचदा अशाने जातात.

दागिन्याचं डाग देण्याचं काम निघालं, अंगठी लहान-मोठी करायची असेल, तर खडा आधी काढायला लावा, ज्योतीच्या उष्णतेत ओपल टिकत नाही. वापरून चमक गेली असेल तर निराश व्हायचं कारण नाही, वरचे ओरखडे पुन्हा पॉलिश करून जातात आणि खडा नव्यासारखा होतो, थोडं वजन कमी होतं इतकंच. क्रेझिंगच्या तड्यांना मात्र पॉलिशचा उपयोग नाही, ते आतपर्यंत असतात. आणि ओपलचं काम करणाऱ्या माणसाकडेच द्या, देताना खडा हायड्रोफेन आहे हे आधी सांगा, कारण पॉलिशचं काम पाण्यावर चालतं आणि पॉलिशची रंगीत पूड त्या पाण्यातून खड्यात गेली तर नंतर बाहेर काढता येत नाही.